फळ्याशेजारी प्रोजेक्टर : बी.एड.च्या आंतरवासितेतला एक भूमितीचा पाठ

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आणि आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ, एकूण २० आठवड्यांची झाली. पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी सलग १६. या सोळा आठवड्यांत आमच्या महाविद्यालयात प्रत्येकाला निदान एक पाठ तंत्रज्ञानाच्या आधाराने घ्यावा लागतो. पाठाचं नियोजन लिहायच्या टाचणवहीत 'शैक्षणिक साधने' असा रकाना असतो. त्यात 'तक्ता, खडू, फळा' लिहिताना कुणाचा हात अडखळत नाही. 'प्रोजेक्टर' लिहायची वेळ आली की वर्गातले निम्मे जण एकमेकांकडे बघायला लागतात. दिवसभर मोबाइल वापरणारेही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघी एका बाकावर बसलो आणि नेमकी कशाची भीती वाटते ते कागदावर लिहून काढलं. संगणकाची भीती त्यात कुठेच आली नाही. चित्र पडलं नाही आणि पन्नास मुलं आपल्याकडे बघत बसली तर? मराठी अक्षरं फुटली तर? वीज गेली तर? मुलांनी असं काही विचारलं की ज्याचं उत्तरच आपल्याला येत नाही, तर? हे चार प्रश्न वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा उपायही वेगळा आहे. 'मला टेक्नॉलॉजी जमत नाही' या एकाच वाक्यात चारही कोंबले, तर एकालाही हात घालता येत नाही.

पहिल्या प्रश्नासाठी सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे एकच कौशल्य काही मिनिटांत आपल्याच सोबत्यांसमोर सरावण्याचं, जुनंच चक्र वापरलं. अध्यापन ६ मिनिटं, प्रत्याभरण (काय जमलं, काय चुकलं ते सांगणं) ६, पुनर्नियोजन १२, पुनरध्यापन ६, पुन्हा प्रत्याभरण ६, असं सगळं मिळून ३६ मिनिटांचं. एरवी त्यात प्रश्न कौशल्य किंवा फलकलेखन असतं. आम्ही सहा मिनिटांत एवढंच करायचं ठरवलं : बंद लॅपटॉप आणि बंद प्रोजेक्टर जोडून पडद्यावर चित्र आणायचं, आणि ते करताना समोरच्या 'विद्यार्थ्यां'शी बोलणं थांबवायचं नाही. पहिल्या फेरीत चौघींपैकी एकीचंच चित्र पडलं. ते का पडत नाही, हे मात्र त्या एका दुपारी पक्कं समजलं.

बहुतेक वेळा बिघाड नसतोच. प्रोजेक्टर चुकीच्या जोडणीकडे बघत असतो. एचडीएमआय आणि व्हीजीए या चित्र नेणाऱ्या दोन वेगळ्या जोडण्या. वायर एचडीएमआयला आणि प्रोजेक्टर व्हीजीएवर, मग निळ्या पडद्यावर 'नो सिग्नल' येतं. रिमोटवरचं किंवा प्रोजेक्टरच्या पाठीवरचं 'सोर्स' बटण दाबून योग्य जोडणी निवडायची. तरीही चित्र नाही आलं, तर लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडायचं, म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र दिसतं. 'एक्स्टेंड' निवडलं गेलं असेल तर पडद्यावर रिकामा डेस्कटॉप दिसतो आणि आपला पाठ फक्त आपल्याला दिसत राहतो. घाबरलेला माणूस इथेच वायरी उपटायला लागतो.

व्हीजीएची १५ पिनांची निळी वायर अजून बऱ्याच शाळांत आहे. चित्र पिवळट दिसलं तर निळ्या रंगाची पिन टेकत नाहीये, निळसर-हिरवट दिसलं तर लाल रंगाची. वायर काढून टॉर्चच्या उजेडात पिना बघायच्या. वाकलेली पिन बॉलपेनच्या रिकाम्या नळीने हळूच सरळ होते. मात्र दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळल्याशिवाय सोडायचं नाही, नाहीतर टेबलाला धक्का लागला की पुन्हा तेच. आजच्या लॅपटॉपला व्हीजीएचं भोक नसतं, म्हणून एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागतो. नाशिकच्या एम. जी. रोडवर तो ३५० रुपयांना मिळाला. दुकानातच जोडून बघा. आणि व्हीजीएच्या वायरीतून आवाज जात नाही, तेव्हा ध्वनिफीत ऐकवायची असेल तर वेगळा स्पीकर न्यावा लागतो. एचडीएमआयने आवाज जातो, पण मग तो लॅपटॉपमधून बंद होऊन प्रोजेक्टरच्या बारीक स्पीकरमधून येतो. खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठून हवा ते निवडता येतं.

दिव्याच्या जुन्या प्रोजेक्टरचं एक लक्षात ठेवा. बंद करताना थेट भिंतीवरचं बटण बंद करू नका. आधी रिमोटने बंद करा, आतला पंखा थांबेपर्यंत वाट बघा, मग वीज काढा. तापलेल्या दिव्याला एकदम वारा बंद झाला की त्याचं आयुष्य घटतं, आणि दिवा महाग असतो. शाळा नवख्यांना प्रोजेक्टर द्यायला का कचरतात, त्याचं मोठं कारण हेच आहे.

चौघींचं चक्र तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी प्रत्येकीला चित्र आणायला दोन मिनिटांहून कमी वेळ लागत होता.

दुसरा प्रश्न अक्षरांचा. आमच्यातल्या एकीने सीबीएस बसस्थानकाजवळच्या टायपिंगच्या दुकानातून १२ स्लाइडी टाइप करून घेतल्या होत्या, स्लाइडला २० रुपये. दुकानात सुरेख दिसत होत्या. महाविद्यालयातल्या संगणकावर उघडल्या तर प्रमेयाच्या जागी परकी चिन्हं. दुकानातला मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होता. अशा फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की रूप गळून पडतं. युनिकोडमध्ये अक्षर स्वतःच मराठी असतं, म्हणून फॉन्ट बदलला तरी मजकूर वाचता येतो.

२४० रुपये गेले, पण त्यामुळे चौघीही स्वतः टाइप करायला शिकलो. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडायची आणि कळफलक निवडायचा. घाई असेल तर फोनेटिक घ्या, उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळा दाबायच्या. पुढे नोकरीत रोज टाइप करायचं आहे असं वाटत असेल तर इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा प्रमाणित कळफलक, शिका. सुरुवातीचे आठ-दहा दिवस जड जातात, नंतर हात बसतो. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. हलन्त डी-वर, र जे-वर, 'दुसऱ्या'तला ऱ शिफ्ट आणि जे, आणि भूमितीवाल्यांना सतत लागणारा त्र शिफ्ट आणि ६ वर. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की मराठी-इंग्रजी बदलतं. स्लाइडी तयार झाल्या की पीडीएफ प्रतही काढून ठेवा. कुठल्याही संगणकावर ती जशीच्या तशी दिसते.

अक्षराचा आकार किती, यावर पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, खरी कसोटी शेवटच्या बाकावर. २८ च्या खालचं अक्षर आमच्या खोलीत मागून वाचता आलं नाही. एका स्लाइडवर पाच ओळींच्या वर गेलात तर मुलं उतरवून घेण्यातच गुंततात.

ऑगस्टमध्ये शाळा मिळाली : पंचवटीतली एक अनुदानित मराठी माध्यमाची शाळा, नववीच्या दोन तुकड्या. डिजिटल खोली होती, कुलूपबंद. ती मिळवायला अकरा दिवस लागले, आणि त्यातले निम्मे दिवस वाचवता आले असते. मी आधी तोंडी विचारलं, मग साध्या कागदावर अर्ज दिला. तो परत आला, कारण सोबत महाविद्यालयाचं पत्र नव्हतं. अर्ज असा हवा : मुख्याध्यापकांच्या नावे, महाविद्यालयाच्या पत्रासह, त्यावर विषयशिक्षकांची 'शिफारस' आणि सही, तारीख, तासिका क्रमांक, इयत्ता व तुकडी, पटसंख्या, कोणतं साहित्य वापरणार आणि ते कोण हाताळणार. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. खोलीची किल्ली संगणक शिक्षकांकडे आणि नोंदवही शिपाईमामांकडे होती. दोघांना आदल्या दिवशी भेटून ठेवलं की सकाळी धावपळ होत नाही. मामांनाच माहीत होतं की त्या खोलीतल्या तीन प्लगपैकी खिडकीखालचा एकच चालतो. पाच मीटरची एक्स्टेन्शन वायर तेव्हाच घेतली, २८० रुपये.

तासिकेचंही असंच. अर्जात तासिका ३५ मिनिटांची असली, तरी ५२ मुलं दुसऱ्या मजल्यावरून खाली आणून बसवण्यात सहा-सात मिनिटं जातात आणि परत जायला दोन. हातात २६ उरतात. टाचण २६ मिनिटांचंच करा. शक्यतो दुपारची तासिका मागा, विशेषतः खिडक्या पूर्वेला असतील तर. श्रावणातल्या ढगाळ दिवसांत आमचं चित्र छान दिसत होतं. पितृपक्षात ऊन पडायला लागलं तशी सकाळच्या तासाला पडद्यावरची फिकट रेघ नाहीशीच व्हायला लागली.

पाठ होता नववीच्या भूमितीतला, त्रिकोणाच्या दूरस्थ आंतरकोनांचं प्रमेय. त्रिकोणाची बाजू वाढवली की बाहेर होणारा कोन म्हणजे बहिष्कोन, आणि त्याला लागून नसलेले आतले दोन कोन म्हणजे दूरस्थ आंतरकोन. बहिष्कोनाचं माप त्याच्या दोन दूरस्थ आंतरकोनांच्या मापांच्या बेरजेइतकं असतं. फळ्यावर एकच त्रिकोण काढता येतो, आणि मुलांना वाटतं की हे त्या त्रिकोणापुरतंच खरं आहे. इथे हलणारी आकृती खरोखर उपयोगी पडते, म्हणून जिओजेब्रा निवडलं. ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर शाळेसाठी मोफत आहे. शाळेत इंटरनेट भरवशाचं नव्हतं, म्हणून लॅपटॉपवर उतरवून घेतलेली आवृत्ती वापरली. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपमध्ये जे मिळतं तेही घरीच डाउनलोड करून ठेवलं होतं.

टाचण मात्र आधी खडू-फळ्याचं लिहिलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मग त्यात नऊ मिनिटांची एक चौकट आखली : इथे आकृती हलवायची. वीज गेली तर चौकट गळते, पाठ उभा राहतो. चौकटीच्या बदली तीन त्रिकोणांचे पुठ्ठे कापून पिशवीत ठेवले होते. कोपरे फाडून जोडले की तेच दिसतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यापलीकडे काही नाही. ज्याचं टाचण मुळातच स्लाइडींचं असतं, त्याच्याकडे वीज गेल्यावर बोलायला काही उरत नाही.

९ अ ला पाठ झाला. चित्र दीड मिनिटात पडलं. ए, बी, सी हे तीन मोकळे बिंदू घेऊन त्रिकोण काढला होता, एसी बाजू डीपर्यंत वाढवली होती, कोनांची मापं दिसत होती. दशांश नकोत म्हणून ती पूर्णांकात दाखवायला लावली होती. शिरोबिंदू ओढला, आकृती बदलली, मुलं पुढे सरकून बघायला लागली. तिसऱ्यांदा ओढून थांबले तेव्हा तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

"मॅडम, साठ आणि एकोणसाठ एकशे एकोणीस होतात. तिथे एकशे वीस आहे."

पडद्यावर खरंच ६०, ५९ आणि १२० होतं. चौथा प्रश्न समोर उभा होता. कारण तेव्हा सुचलं नाही. "बरोबर पाहिलंस. हे का झालं ते मी शोधते, उद्या सांगते. तूही शोध," एवढंच म्हणून बिंदू हलवला आणि पुढे फळ्यावर सिद्धता घेतली. वर्ग बिथरला नाही. निरीक्षकांनी तक्त्यात 'प्रश्नाला प्रामाणिक प्रतिसाद' असा शेरा दिला आणि आकृती सुधारायला सांगितली.

कारण घरी सापडलं. खरे कोन होते ६०.४ आणि ५९.४, त्यांची बेरीज ११९.८. प्रत्येक संख्या वेगवेगळी जवळच्या पूर्णांकात गेली की ६०, ५९ आणि १२० होतात. दोन दशांश ठेवले तरी शेवटच्या अंकात हे कधीतरी होणारच. म्हणजे मोकळे बिंदू ओढून ही आकृती दाखवायचीच नाही. कोन पूर्णांकातच राहतील अशी रचना हवी.

ती अशी. ए आणि बी हे बिंदू एकमेकांपासून चार एककांवर घ्या. दोन स्लायडर घ्या, अल्फा आणि बीटा, किमान २०, कमाल ७०, पायरी १ अंश. स्लायडर घेताना प्रकार 'अँगल' निवडा. 'नंबर' राहिला तर जिओजेब्रा ती संख्या अंशांऐवजी रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) समजतं आणि किरण वाट्टेल तिकडे फिरतो. बऱ्याच जणांची आकृती इथेच फसते. मग 'अँगल विथ गिव्हन साइज' घेऊन आधी बी-वर, मग ए-वर क्लिक करा, माप अल्फा, दिशा घड्याळाच्या उलट. नंतर आधी ए-वर, मग बी-वर, माप बीटा, दिशा घड्याळाची. मिळालेल्या दोन बिंदूंतून ए आणि बी पासून किरण काढा, ते छेदतात तो सी. दोन्ही कोन ७० पर्यंतच ठेवल्यामुळे बेरीज १४० च्या पुढे जात नाही आणि किरण नेहमी छेदतात. डी हा बिंदू किरणावर हाताने ठेवू नका, कारण स्लायडर हलवला की सी त्याच्या पुढे निघून जातो आणि बहिष्कोन नाहीसा होतो. ए चं सी मधून प्रतिबिंब घ्या आणि त्याला डी म्हणा. तो कायम सी च्या पलीकडेच राहतो.

शेवटी बहिष्कोन मोजताना बी, सी, डी याच क्रमाने क्लिक करा. जिओजेब्रा कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतं. डी, सी, बी असं केलं तर ११० च्या जागी २५० दिसतात. मदतीचे बिंदू लपवा, अक्षराचा आकार २४ च्या वर न्या, रेघा जाड करा आणि कोनाचा फिकट हिरवा रंग बदलून गडद निळा किंवा तांबडा घ्या.

दुसऱ्या दिवशी ९ अ ला पाच मिनिटं मागून घेऊन ६०.४ आणि ५९.४ फळ्यावर मांडले. त्या मुलीने बेरीज केली, पूर्णांकात आणली, आणि वर्गाला स्वतःच समजावलं. तिथून पुढचा प्रश्न सहज निघाला : पडदा चुकीचं दाखवू शकतो, तर प्रमेय खरं आहे हे कशावरून? मग बहिष्कोन आणि त्याच्या लगतचा आतला कोन ही रेषीय जोडी १८०, त्रिकोणाचे तिन्ही कोन १८०, ही दोन ओळींची सिद्धता मुलांना हवीशी वाटली. मला वाटतं, भूमितीत संगणकाची जागा हीच. तो अंदाज बांधायला लावतो, सिद्धता फळ्यावरच होते. ९ ब ला सुधारलेली आकृती दाखवली तेव्हा एकही बेरीज चुकली नाही, पण मी मुद्दाम जुनी आकृतीही उघडली आणि १ चा फरक मुलांनाच शोधू दिला.

मूल्यमापनासाठी मुलांच्या हातात मोबाइल देता येत नाही, शाळेत बंदीच आहे. म्हणून प्लिकर्सची कागदी कार्डं वापरली. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी आकृती आणि चार बाजू. आपलं उत्तर वर येईल असं कार्ड धरायचं, शिक्षकाने एका मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की उत्तरं नोंदली जातात. त्याला मोबाइलचा डेटा लागतो. नेहमीचा संच ४० कार्डांचा, पण मोठा संच ६३ चा आहे, तो ५२ मुलांना पुरतो. एका पानावर दोन कार्डं, म्हणजे ३२ पानं, जाड कागदावर १० रुपये पानाने ३२० रुपये. लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइट चमकते आणि कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही. मुलांना कार्ड कडेने धरायला शिकवा; काळ्या भागावर बोट आलं की ते कार्ड वाचलं जात नाही.

प्रश्न असा होता : बहिष्कोन ११०, एक दूरस्थ कोन ४५, दुसरा किती? पर्याय ६५, ७०, १५५ आणि ४५. चुकीचे पर्याय कुठल्या चुकीतून येतात ते ठरवून घ्या, तरच उत्तरांचा उपयोग. ७० म्हणणाऱ्याने ११० हे १८० मधून वजा केलेत, म्हणजे त्याने लगतचा आतला कोन काढलाय. १५५ म्हणणाऱ्याने नुसती बेरीज केलीय. ९ ब मध्ये ११ मुलांनी ७० धरलं. त्यांना 'दूरस्थ' हा शब्दच कळला नव्हता. पुढच्या तासाला त्या अकरा जणांकडून आकृतीत दूरचे कोन रंगवून घेतले.

फाइलमध्ये काय लावायचं, हेही आधीच विचारून ठेवा. आम्हाला लागलं ते : दोन्ही टाचणं, आवक शिक्क्याच्या अर्जाची प्रत, निरीक्षण तक्ते, आकृतीच्या चार पडदाचित्रांच्या छापील प्रती, प्लिकर्सच्या निकालाचं पान आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं पत्र. शेवटच्या पत्राला आठ दिवस लागले, कारण मधे सहामाही परीक्षा आली. ते पाठ झाल्या दिवशीच मागा. माझा एकूण खर्च कन्व्हर्टर, वायर आणि कार्डं धरून ९५० रुपये झाला. चौघींनी वाटून घेतला.

सुधारलेली आकृती, युनिकोडमधलं टाचण आणि अर्जाचा नमुना एका पेनड्राइव्हवर घालून महाविद्यालयाच्या संगणक कक्षात ठेवलाय, पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी. कन्व्हर्टर आणि कार्डांचा खोकाही तिथेच आहे. कार्डं क्रमांकाने लावलेली आहेत. ३७ नंबरचं फाटलंय, ते वापरण्याआधी पुन्हा छापून घ्या.